चार कार्डांची साखळी

मयुरी गेली त्याला अकरा महिने झाले होते, आणि वर्षाला पुन्हा दिवस गेले होते. आनंद म्हणावा असा कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. गुजराती मुलखातल्या नवागामच्या त्या एका खोलीत आता चौघं राहायची: भिकन, त्याची बायको वर्षा, आई भागीरथी आणि बारावी सायन्सला असलेली धाकटी बहीण योगिता. पाचवी होती मयुरी, भिकन आणि वर्षाची लेक. चार वर्षांची होऊन गेली. तिचा पिवळा फ्रॉक अजून खुंटीवर होता. तो कोणी काढत नव्हतं आणि त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

मयुरीला सिकलसेल होता. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असायला हव्यात, त्या तिच्या अंगात विळ्यासारख्या वाकड्या व्हायच्या आणि बारीक शिरांमध्ये अडकून बसायच्या. मग पोरीचे हातपाय सुजायचे, हाडं ठणकायची, आणि ती अशी रडायची की शेजारपाजारची माणसं हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. सहा महिन्यांची होईपर्यंत कोणाला काही कळलं नव्हतं. पुढची साडेतीन वर्षं दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. शेवटी एक ताप आला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं.

सरकारी दवाखान्यात या आजाराच्या खोलीत सरलाबाई बसायच्या. समुपदेशक असं त्यांच्या टेबलावर लिहिलेलं होतं, पण लोक त्यांना नुसतं बाई म्हणत. नवराबायकोचं रक्त त्यांनीच तपासायला लावलं होतं. "तुम्हा दोघांना आजार नाही," त्या म्हणाल्या होत्या, "पण तुम्ही दोघेही वाहक आहात. अशा जोडप्याच्या पोरांत चारात एक." आता वर्षाला दिवस गेल्यावर त्यांनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. बाराव्या आठवड्याच्या आत या. सुईने वारेचा कणभर तुकडा काढतात, तो तपासला की पोटातल्या पोराला आजार आहे का ते कळतं. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. पण वेळ निघून गेली तर ठरवायलाच काही उरणार नाही.

वर्षाने ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने गोल करून ठेवली. तिला जायचं होतं. तिच्या मनात त्याबद्दल दुसरा विचारच नव्हता.

भागीरथीला मात्र ते ऐकून धडकी भरली. "पोटमा सुई टोचतस? पोऱ्याले लागी गई तं?" ती दिवसातून चारदा म्हणायची. वर्षा तिची नुसती सून नव्हती, सख्ख्या भावाची मुलगी होती. शिरपूरकडच्या त्यांच्या गावात मामाची पोर घरात आणायची म्हणजे मान होता, आणि भागीरथीने लेक सहा वर्षांचा असतानाच भावाला त्याच्या पाळण्यातल्या पोरीसाठी शब्द देऊन ठेवला होता. वर्षा तिला आजही आत्याच म्हणायची. आता त्याच नात्यातून आजार आला असं दवाखान्यातली कोणी बाई सांगते, हे भागीरथीला शिवी दिल्यासारखं लागायचं. "मना भाऊनी पोर शे ती. आमना रगतमा काय खोट ऱ्हाई?" असं म्हणताना तिला स्वतःची पहिली दोन पोरं आठवायची नाहीत असं नाही. ती दोन्ही लहानपणीच गेली होती, कशाने ते कोणाला माहीत नाही. तिसरा जगावा म्हणून तिने पाच घरी पदर पसरून भीक मागितली होती, आणि म्हणून त्याचं नाव भिकन.

तर असा हा भीक मागून मिळवलेला भिकन. माणूस कष्टाळू, व्यसन नाही, बायकोवर हात उचलणारा नाही. एकच खोड होती. कारखान्यात जे चालतं तेच जगात चालतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्याला कारणही होतं. उधन्याच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता तिथे शेठने साड्यांवर नक्षी विणणारी आठ जुनी जॅकार्डची यंत्रं अजून ठेवली होती. बाकीच्यांकडे कॉम्प्युटरवर चालणारी आली, पण या आठांवर डिझाईन अजून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांनीच पडायचं. एकेका कार्डाला ठरावीक भोकं. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. अशी शेकडो कार्डं दोरीने ओवून त्यांची साखळी यंत्रावर टांगलेली असते. साखळी फिरत राहते, फूल उमटत राहतं. एका कार्डाचं एक भोक चुकलं की साडीभर तीच चूक, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा. ही कार्डं पाडणं, ओवणं आणि दुरुस्त करणं हे भिकनचं काम. पदरावरच्या मोराला एकदा डोळाच नव्हता. मास्तर धागे तपासत बसला. भिकनने पट्टी लावून नक्षीच्या सुरुवातीपासून चुकीपर्यंतचं अंतर मोजलं, बोटावर हिशेब केला आणि म्हणाला, "दोनशे बारावं कार्ड काढा." काढलं, तर तेच निघालं. तेव्हापासून शेठसुद्धा त्याला भिकनभाई म्हणायचा, आणि भिकनची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

चारात एक म्हणजे नेमकं काय, ते त्याला सरलाबाईंना विचारवलं नाही. रविवारी दुपारी त्याने योगिताला विचारलं.

योगिता गुजराती माध्यमात शिकत होती. पेशीला ती कोष म्हणायची आणि गुणसूत्राला रंगसूत्र. पण मयुरी आजारी पडल्यापासून तिने अमळनेरच्या मामेबहिणीकडून मराठी पुस्तक मागवून घेतलं होतं, घरच्यांना घरच्या भाषेत सांगता यावं म्हणून. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि भिकनच्या पिशवीतून रद्दीतली जुनी कार्डं काढली.

"दादा, आपलं सगळं अंग पेशींचं बनलंय. इतक्या बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक पेशीच्या मध्ये केंद्रक असतं. म्हणजे समज, पेशी हा कारखाना आणि केंद्रक ही शेठची केबिन. त्या केबिनमध्ये गुणसूत्रं असतात, जोडीजोडीने. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. आणि त्या गुणसूत्रावर जनुकं असतात. जनुक म्हणजे हे." तिने एक कार्ड वर धरलं. "ह्यातली भोकं बघून पेशी काम करते. रक्ताचा लाल रंग ज्याने येतो ना, ते बनवायचं कार्ड आहे, त्यात एक भोक चुकलंय."

भिकन पुढे सरकून बसला. "एकच भोक?"

"एकच. तुझ्याकडे एक बरोबर कार्ड आहे आणि एक चुकीचं. बरोबर असलेलं काम निभावून नेतं, म्हणून तुला काही होत नाही. वहिनीचंही तसंच. आपली आणि वहिनीची आजी एकच ना? तिथूनच दोन वाटांनी आलं असेल, आईकडून तुझ्याकडे आणि मामांकडून वहिनीकडे. आता पोराला तुझ्यातलं एक मिळतं आणि वहिनीचं एक." तिने फरशीवर खडूने एक चौकट काढली आणि तिची चार घरं केली. "दोन्ही चांगली, हे एक घर. तुझं चांगलं, वहिनीचं चुकीचं. तुझं चुकीचं, वहिनीचं चांगलं. ही दोन घरं तुमच्यासारखीच, वाहक. आणि हे चौथं, दोन्ही चुकीची. मयुरी ह्यात आली."

खडूच्या त्या चौथ्या घराकडे भिकन बराच वेळ पाहत राहिला. आणि मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने चार कार्डं उचलली, कडेच्या भोकांतून दोरी ओवली आणि त्यांची गोल साखळी बांधली. एका कार्डावर लाल पेन्सिलने फुली मारली. साखळी बोटावर धरून फिरवू लागला.

"हे बघ. लाल आलं. आता एक, दोन, तीन चांगली. मग परत लाल. मयुरी लालवर आली, ते होऊन गेलं. आता तीन मोकळी."

"तसं नाही, दादा," योगिता म्हणाली. "ते दर वेळी..."

"काय तसं नाही? पंधरा वर्षं मी साखळीवर काम करतोय. कार्डं तू ओवतेस की मी ओवतो?"

"पण दादा, पुस्तकात..."

"अहो बारावीवाल्या बाई, पुरे आता पुस्तक," भिकन हसून म्हणाला. तो हसला हेच इतकं नवीन होतं की भागीरथी चुलीपाशी बसल्या जागी हात जोडून देवाचं नाव घेऊ लागली. योगिताने आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि ओढणीच्या टोकाने फरशीवरचा खडू पुसून टाकला.

खरं सांगायचं तर भिकनला तेव्हाच कुठेतरी कळलं होतं. पोरगी काय सांगू पाहतेय ते पूर्ण ऐकलं तर हातातली साखळी सुटेल, एवढं त्याला कळलं होतं. त्याला सुईची भीती नव्हती. त्याला भीती होती त्या कागदाची. समजा रिपोर्ट वाईट आला, तर सरलाबाई म्हणतील, आता तुम्ही ठरवा. वाढू द्यायचं की नाही, हे मी ठरवायचं? वर्षाच्या तोंडाकडे बघून? त्यापेक्षा चार कार्डं बरी होती. त्यांत काही ठरवावं लागत नव्हतं.

कॅलेंडरवरचा गोल केलेला दिवस आला. वर्षा सकाळीच आवरून बसली होती. मयुरीची फाईल, आधार कार्ड, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरलेलं.

"निघूत ना?" तिने विचारलं.

भिकनने खुंटीवरची साखळी काढली आणि तिच्यासमोर फिरवली. लाल, एक, दोन, तीन. पुन्हा लाल, एक, दोन, तीन. त्याने सगळं समजावून सांगितलं. योगिता कॉलेजला गेली होती.

वर्षा साखळीकडे पाहत होती. तिला कारखान्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या हातात काय कसब आहे ते माहीत होतं. "पक्कं ना?" ती म्हणाली.

"पक्कं. दोनशे बारावं कार्ड मीच काढं व्हतं ना?"

"तुमी सांगतस म्हनीसन," वर्षा म्हणाली. "नही तं माले जावानं व्हतं." तिने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली, पिवळ्या फ्रॉकच्या शेजारी. पुढच्या आठवड्यात सरलाबाईंचा तीनदा फोन आला. भिकनने तो तीनदा कापला.

बाळंतपण त्यांनी जवळच्याच एका छोट्या दवाखान्यात उरकलं, म्हणजे सरकारी दवाखान्यात जायला नको आणि बाईंच्या समोर यायला नको. मुलगा झाला. वजनदार, गुलाबी, आवाज असा की नर्स म्हणाली, हा तर भाषण करणार. चेतन नाव ठेवलं. भिकनने कारखान्यात पेढे वाटले, आठही यंत्रांवरच्या माणसांना दोन-दोन. भागीरथीने ती चार कार्डांची साखळी चेतनच्या झोळीच्या वर टांगली. ती तिला आता देवघरातल्या वस्तूसारखी वाटत होती. चेतन पडल्या पडल्या तिच्याकडे बघून पाय झाडायचा, आणि भिकन कामावरून आला की बोट पुढे करायचा. पोरगा ते बोट मुठीत असं गच्च धरायचा की सोडवून घ्यावं लागायचं.

योगिता झोळीजवळ फारशी जात नव्हती. परीक्षा आहे, म्हणायची. एकदा तिने हळूच म्हटलं, "दादा, चेतनचं रक्त एकदा तपासून घेऊ या का? लवकर कळलं तर रोजची गोळी सुरू करता येते." भिकनने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुस्तक उघडलं.

सात महिने असे चांगले गेले. या आजारात आईच्या पोटात असताना तयार झालेलं रक्तच पहिले काही महिने पोराला सांभाळून घेतं, हे योगिताला माहीत होतं. मयुरीलाही सहा महिने काही झालं नव्हतं, हे वर्षालाही आठवत असणार.  ती फक्त रोज आंघोळ घालताना चेतनची बोटं एकेक करून चाचपायची.

आठव्या महिन्यात एका मंगळवारी भिकन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होता तेव्हा फोन आला. वर्षा रडत नव्हती. "घर या," ती म्हणाली. "मनगट्या रुती ऱ्हायन्यात."

तो घरी आला तेव्हा चेतन किंचाळत होता. दृष्ट लागू नये म्हणून मनगटांत बांधलेले काळ्या मण्यांचे दोरे मांसात रुतले होते. हाताचे पंजे फुगले होते, बोटं जाड आणि चकचकीत झाली होती. वर्षाने कात्रीने दोरे कापले. मणी फरशीवर घरंगळले. "मयुरीसारखंच शे," ती म्हणाली. भिकनने खुंटीवरची पिशवी काढली. फाईल अजून तिच्यातच होती.

सरलाबाईंनी रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत, हे भिकनला जास्त लागलं. चेतनचं रक्त घेतलं, सलाईन लावलं, दुखण्याचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मयुरीचा होता तसाच. बाईंनी कागद दोघांच्या मध्ये ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं.

"पण बाई, एक झाला होता ना?" भिकन म्हणाला. "चारातला एक होऊन गेला होता. मग हा कसा?"

सरलाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भिकनभाऊ, पोटाला मागचं आठवत नसतं. दर खेपेला तुमच्या दोनातलं एक आणि हिच्या दोनातलं एक, डोळे मिटून उचललेलं. पहिल्या पोराला काय मिळालं याचा दुसऱ्याशी संबंध नाही. दर वेळी चारही घरं पुन्हा उघडी. चारही पोरं चांगली निघू शकतात, चारही आजारी निघू शकतात. म्हणून तर दर खेपेला तपासायचं. तुम्हाला कोणी सांगितलं की एकदा झालं की मोकळे?"

भिकनला योगिता आठवली. ते दर वेळी... इथपर्यंत ती आली होती. पुढचे चार-पाच शब्द त्याने तिला बोलू दिले नव्हते. जनुकांना दोरी नव्हती. ती सुटी होती. दोरी त्याने ओवली होती, स्वतःच्या हाताने, कारण ओवणं हेच त्याला येत होतं.

वर्षाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने बाईंना विचारलं, "आते काय करानं?" बाईंनी सांगितलं: रोजची गोळी, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपायचं, ताप आला की एक तास न थांबता इकडे आणायचं. आता औषधं आहेत, पुष्कळ पोरं मोठी होतात. वर्षा मान हलवत एकेक गोष्ट ऐकत होती. तिला ती सगळी पाठ होती.

घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. योगिता दारातच उभी होती. भिकनच्या चेहऱ्याकडे पाहून ती भिंतीकडे तोंड करून रडू लागली. भागीरथी झोळीपाशी बसली होती. तिला फोनवर सगळं कळलं होतं. ती उठली, वर्षाच्या पाठीवरून हात फिरवला आणि झोळीवरची साखळी धरून दाखवली. लाल फुलीच्या शेजारच्या कार्डावर तिने कुंकवाचं बोट ओढलं होतं.

"रडू नको, माय," ती सुनेला म्हणाली. "देवनी परीक्षा दखी. चारमाना दोन व्हयी गयात. आते पुढला दोन्ही चांगला व्हतीन. भिकननीच तं सांगं व्हतं."

वर्षाने आता भिकनकडे पाहिलं. तो काय म्हणतो यासाठी ती थांबून होती.

"माय," भिकन म्हणाला, "ती साखळी खोटी शे. ती मीच बांधी व्हती. योगिता सांगी ऱ्हायनी व्हती, मी तिले बोलू दिन्हं नही."

"मंग तू कसाले सांगं?" भागीरथीला काही उमजेना. कार्ड तिच्या हातात तसंच होतं, ओल्या कुंकवाचं.

"माले भ्याव वाटे," तो म्हणाला. "दुसरं काय नही. भ्याव वाटे."

वर्षाने दवाखान्यातून आणलेली पिशवी रिकामी केली, झोळीवरून साखळी सोडवली आणि त्या पिशवीत टाकली. मग तिने वाटी आणि चमचा आणला आणि भिकनसमोर ठेवला. "पानी पाजा त्याले. थोडं थोडं, घडीघडी. बाईनी सांगेल शे." आणि ती गोळ्यांची पाकिटं फळीवर मांडायला गेली, मयुरीच्या गोळ्या जिथे असायच्या त्याच जागी.

भिकन चेतनला मांडीवर घेऊन बसला. दोन चमचे पाणी पोरगा प्यायला. तिसऱ्याच्या आधी भिकनने रोजच्या सवयीने बोट पुढे केलं. चेतनने त्या बोटाकडे पाहिलं आणि सुजलेला हात पोटाशी ओढून घेतला.